सुनेची सुई आणि माझं मौन

मी एकदा ठरवलं की ठरवलं! माझ्याइतका जिभेवर ताबा असलेली बाई अख्ख्या जळगावात सापडायची नाही. हसू नका. सारी नोकरी मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून केली. ट्रंक कॉलचा जमाना होता. धुळे बोलतंय, अमळनेर बोलतंय, चोपडा जरा थांबा, असं दिवसभर चालायचं. लाईन जोडून दिली की ऑपरेटरनं बाजूला व्हायचं, मधे बोलायचं नाही, असा आमचा नियम. मी तो कधीही मोडला नाही!

म्हणजे ऐकायची. पण बोलायची नाही. एकदाच काय ती बोलले. धुळ्याचा एक मुलगा अमळनेरच्या एका मुलीशी नुसतं हवापाण्याचं बोलत बसला होता. शेवटी माझ्याच्यानं राहवेना. मी म्हटलं, “अहो, काय ते स्पष्ट विचारा ना, वेळ संपत आली!” त्यांचं लग्न झालं. सुखात आहेत. ते सोडा.

तर मुद्दा असा, की मी, लिलाबाई, ठरवलं तर गप्प बसू शकते. आणि मागच्या हिवाळ्यात मी तसं ठरवलं. त्याचं कारण आमची सून वृषाली, आणि तिच्याहून जास्त तिच्या डॉक्टरीणबाई.

वृषाली म्हणजे गुणी पोर. शेतात ठिबकच्या नळ्या कुठून कशा न्यायच्या, त्याचे नकाशे ती कंपनीसाठी घरी बसून कॉम्प्युटरवर काढते. बोलणं मोजकं. “हो”, “नाही” आणि “बघू” एवढ्या भांडवलावर तिनं आमच्याकडं दोन वर्षं संसार केला. बाकीचं बोलणं मी सांभाळते. त्यामुळं घरात कुणालाच काही कमी पडत नाही.

तिला सातवा महिना लागला तेव्हा मी तिला तपासायला घेऊन गेले. दिपमाला मॅडम तरुण आहेत, पण हाताला यश आहे. त्यांनी विचारायला सुरुवात केली.

“झोप लागते का?”

“रात्री लागत नाही, दुपारी लागते,” मी सांगितलं.

“बाळ हालतं का?”

“हालतं तर! आबांनी टीव्हीचा आवाज वाढवला की जास्तच हालतं. आजोबांवर गेलंय बहुतेक.”

“जेवल्यावर जळजळ?”

“परवा झाली. मी नको म्हणत होते, तरी राजदीपनं शेवभाजी आणली. आमचा राजदीप म्हणजे...”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडं बघून अगदी गोड हसल्या आणि म्हणाल्या, “आई, बाळ तुमच्या पोटात आहे का?”

नर्स तोंड फिरवून कपाटात काहीतरी शोधायला लागली. कपाट रिकामं होतं, मला दिसत होतं ना!

मग मॅडम वृषालीकडं वळल्या. म्हणाल्या, “शहरात फ्लूचे पेशंट वाढलेत. गरोदरपणात फ्लू झाला तर एरवीपेक्षा जास्त त्रास देऊ शकतो. त्यासाठी इंजेक्शन आहे. मला विचाराल तर घ्यावं. पण तुमच्या मनात शंका दिसतेय. घरी जा, विचार करा, बोला आणि या आठवड्यात मला सांगा. निर्णय तुमचा.” आणि पुन्हा माझ्याकडं एक नजर टाकून, “फक्त तुमचा हं.”

तो ‘हं’ माझ्यासाठी होता. मला चांगलाच लागला.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच मी मनाशी पक्कं केलं. ठीक आहे! फक्त तिचा तर फक्त तिचा! या सुईबद्दल लिलाबाईच्या तोंडून एक अक्षर निघायचं नाही. लोक म्हणतील, सासू असावी तर अशी!

रिक्षात बसल्यावर वृषालीनं विचारलं, “आई, तुम्हाला काय वाटतं?”

दोन वर्षांत तिनं आपणहून मला विचारलेला हा पहिला प्रश्न. एरवी मी प्रश्नाची वाटच बघत नाही. पण मी ओठ आवळले, समोर रस्त्याकडं बघितलं आणि म्हटलं, “तू ठरव.”

आणि गप्प बसले. अगदी स्टेशन रोडपासून घरापर्यंत! रिक्षावाला ओळखीचा आहे. त्यानं आरशातून दोनदा माझ्याकडं बघितलं. उतरताना म्हणाला, “अक्का, सगळं ठीक आहे ना?”

घरी आल्यावर माझ्या लक्षात एक अडचण आली. मला सुईबद्दलच फक्त बोलायचं नव्हतं. पण माझं बोलणं कसं आहे, सांगते. मी मेथीच्या भावावरून सुरुवात केली तर मेथीवरून वरणावर जाते, वरणावरून डाळ मिलवर, तिथून आबांच्या कानावर, कानावरून डॉक्टरवर, आणि डॉक्टर आल्या की सुई आलीच! मी तीन वेळा करून बघितलं. तिन्ही वेळा जीभ दातांखाली धरून मागं फिरावं लागलं. तेव्हा मी विचार केला, नळ थेंब थेंब गळत असेल तर वरचा मोठा कॉकच बंद केलेला बरा. मी बोलणंच बंद केलं. हो, नाही आणि बघू. सुनेचंच भांडवल उसनं घेतलं म्हणा!

पहिला परिणाम झाला आबांवर. आबा म्हणजे माझे यजमान, यादव. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणते, म्हणून मीही म्हणते. डाळ मिलच्या धडधडाटात नोकरी करून त्यांचे कान गेले. आता कानाला मशीन लावतात. त्या संध्याकाळी ते खुर्चीत बसले, मशीन काढलं, फुंकर मारली, परत लावलं. पुन्हा काढलं. बोटानं टिचकी मारली.

“सेल गेले वाटतं,” म्हणाले आणि चपला घालून सेल आणायला गेले.

नवे सेल घालून परत आले, माझ्यासमोर बसले. मी ज्वारी निवडत होते. ते वाट बघत बसले. बराच वेळ गेला. शेवटी राजदीपला हाक मारून म्हणाले, “अरे, हे सेल पण डुप्लिकेट निघाले. काहीच ऐकू येत नाही!”

राजदीप आमचा एकुलता एक. पाईप फॅक्टरीत सुपरवायझर आहे, त्यामुळं कुठं गळती आहे ते शोधायची सवय. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग वृषालीकडं, आणि तिला स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारलं. त्याचं हळू म्हणजे बाहेरच्या खोलीत स्पष्ट ऐकू येतं.

“आई तुला काही बोलली का?”

“नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

“बापरे!” राजदीप म्हणाला. “म्हणजे फारच झालं असणार!”

मग तो माझ्याकडं आला. “आई, काय झालंय?”

“काही झालेलं नाही,” मी म्हटलं.

आता मला सांगा, हे खरं होतं की नाही? पण आपल्याकडं घरातली बाई ‘काही झालेलं नाही’ म्हणाली, की त्यावर विश्वास ठेवायची पद्धतच नाही. राजदीपचा चेहरा पडला. त्यानं माझ्या कपाळाला हात लावला.

“तापबिप तर नाही ना? घसा बसलाय का? आ कर बघू.”

मी मान हलवली. त्यानं त्याचा अर्थ ‘हो, बसलाय’ असा घेतला. आणि तिथून जे सुटलं!

घसा बसला म्हणजे सर्दी, सर्दी म्हणजे फ्लू, आणि फ्लू म्हणजे घरात गरोदर बाई! अर्ध्या तासात राजदीपनं मास्कचं पाकीट आणलं आणि माझी गादी उचलून ओट्यालगतच्या खोलीत टाकली. माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा. मला वाफारा घ्यायला बसवलं. मी टॉवेलखाली घाम पुसत बसले आणि मनात म्हटलं, लिला, अजून वेळ गेलेली नाही, सांगून टाक. पण सांगायचं काय? मी गप्प का, हे सांगायचं तर सुईचा विषय काढावा लागणार. आणि विषय काढला की झालं, मॅडमचा तो ‘हं’ खरा ठरला! मी नाकानं जोरात वाफ ओढली. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविवारी विहारात वंदना मी म्हणवून घेते. माझा आवाज मोठा, मागच्या रांगेलाही माईक लागत नाही. पण तिथं गेलं की बायका हमखास विचारणार, काय म्हणाल्या डॉक्टर, काय सांगितलं? म्हणून मी गेलेच नाही. झालं! दुपारपर्यंत सगळीकडं झालं, की लिलाबाई अंथरुणाला खिळल्या.

पहिली आली समोरची जमीला. शिवणकाम करते. तिचं मशीन आणि माझं तोंड एकाच वेळी चालू असतं, एवढ्या वर्षांची आमची जुगलबंदी आहे. हातात शोरब्याचा डबा.

“अक्का, कल से तुमचा आवाज नाही,” ती दारातूनच म्हणाली. “माझं मशीनच नीट चालेना! गला बैठ गया क्या? हे प्या गरम गरम.”

मी ‘मला काही झालेलं नाही’ असा हात हलवला.

“बोल भी नहीं सकती बिचारी!” जमीलाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मी शोरबा प्यायले. चांगला होता, खोटं कशाला बोलू?

त्या दुपारी मात्र माझा जीव खरंच कासावीस झाला. मी पाणी प्यायला आत गेले, तर वृषाली खिडकीशी उभी. एका हातात मोबाईल, दुसरा हात पोटावर. ती काहीतरी वाचत होती आणि मधेच पोटाकडं बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती ते पुसतही नव्हती. मला वाटलं, जवळ जावं, डोक्यावरून हात फिरवावा, म्हणावं, काय गं बाई, काय झालं?

पण पुढं ती विचारेल, आई, घेऊ की नको? आणि खरं सांगू का तुम्हाला? हे मी तोवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मला माहीत नव्हतं! ज्वारी कुठली चांगली, कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ द्यावं, सगळ्यावर माझं मत तयार असतं. पण माझ्या वेळेला गरोदरपणात धनुर्वाताची तेवढी सुई होती. ही फ्लूची सुई घेतली आणि काही झालं तर? नाही घेतली आणि फ्लू झाला तर? मला भीती वाटत होती. मी मौनाची एवढी ऐट मिरवत होते, आणि आत सगळा घाबरटपणा होता. मी पाणी न पिताच परत फिरले. ती मागून बघत होती, हे मला कळलं.

आणि मग तिनं तिच्या आईला फोन लावला.

तिचं माहेर शिंदखेड्याचं. आई ताईबाई. आमच्या विहीणबाई म्हणजे आवाजात माझ्या तोडीस तोड, आणि बोलणं सगळं अहिराणी. फोनवर वृषाली एवढंच म्हणाली, “आई माझ्याशी बोलत नाहीत. आजारी आहेत म्हणे.” मोजकं बोलणाऱ्या माणसांचा हा एक धोका असतो. समोरचा माणूस उरलेलं स्वतः भरून घेतो!

ताईबाईंनी काय काय भरून घेतलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. शिंदखेड्याहून गाडी आली, आणि थोड्याच वेळात आमच्या दारात रिक्षा थांबली. रिक्षातून आधी उतरली लाल मिरच्यांची भलीमोठी पिशवी, मग एक रिकामी सुटकेस, आणि मग ताईबाई.

पूर्ण रिकामी सुटकेस! म्हणजे भरून न्यायला!

“जय भीम, विहीणबाई!” त्या ओट्यावरूनच गरजल्या. “काय व्हयनं तुम्हना घरमा? मनी आंडेरसंगे कोणी बोलत नही म्हणे! घरमा ताप-खोकला म्हणे! मी मनी आंडेरले लई जासू, आजच लई जासू!”

आंडेर म्हणजे लेक. हे तुम्हाला सांगायला नको. पहिलं बाळंतपण माहेरी, हे कबूल. पण ते पुढच्या महिन्यात जायचं ठरलं होतं, साडी-चोळी करून, मानानं. हे असं भांडण झाल्यासारखं? सुटकेस घेऊन? आणि सुईचं काय? मॅडमना आठवड्यात सांगायचं होतं, ते?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईबाई शिंकल्या.

साधी शिंक नाही. आबा खुर्चीत दचकले. “आता आलं थोडं ऐकू,” म्हणाले.

मग दुसरी. मग तिसरी. मग खोकला, आतून खोलवरून येणारा. नाक लाल, डोळे पाणावलेले. आणि इकडं सगळ्या घरानं मास्क लावून बसवलं होतं मला!

“सासूबाईंना सर्दी झालीय का?” राजदीपनं चाचरत विचारलं. जावई तो, याहून जास्त काय विचारणार?

“सर्दी नही शे ती!” ताईबाई म्हणाल्या. “मिरच्यास्नी पिशवी शे ना, तेनामुये शिंका येतस!”

मिरच्या देठासकट अख्ख्या होत्या. पिशवीचं तोंड सुतळीनं घट्ट बांधलेलं होतं. पण विहिणीला कोण खोटं पाडणार? आमच्या खान्देशात विहिणीचा मान म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्नात वाढताना एक पुरणपोळी चुकली, तर नातू शाळेत जाईपर्यंत त्याचा उल्लेख होतो. आबा पंख्याकडं बघायला लागले. राजदीप चपलांकडं बघायला लागला.

तेवढ्यात आतून वृषाली आली. आईला बघितल्याबरोबर तिचा चेहरा लहान पोरीसारखा झाला. ताईबाईंनी सुटकेस खाली टाकली, दोन्ही हात पसरले, “मनी माय!” म्हणत उंबऱ्याकडं धावल्या, आणि धावता धावता त्यांना चौथी शिंक यायला लागली. मला ती येताना दिसली!

“थांबा!” मी ओरडले. “तिथंच थांबा, विहीणबाई! उंबरा ओलांडायचा नाही!”

गल्लीतलं शिलाई मशीन बंद पडलं. ताईबाई एका पायावर थबकल्या. शिंकसुद्धा परत गेली.

विहिणीला दारात अडवलं! मी! आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता. आणि कॉक एकदा उघडला, तो काय थेंबाथेंबानं गळणार आहे?

“तुम्हाला सर्दी झालीय! मिरच्यांचं नाव सांगू नका, मिरच्या काय मी आज बघतेय? माझी सून सात महिन्यांची आहे. शहरात फ्लू पसरलाय. तिनं अजून सुई घेतलेली नाही. घ्यावी की नाही ते तिनं ठरवायचंय, डॉक्टरांनी सांगितलंय फक्त तिनं, म्हणून मी इतके दिवस तोंड शिवून बसलेय! मला ताप नाही, खोकला नाही, घसा तर बिलकूल बसलेला नाही! वाफारे घेऊन घेऊन माझं नाक सोललं! मी काही रागावलेबिगावले नाही. मी बोलले असते गं पोरी, पण काय बोलू? मला माहीतच नाही! घे म्हणू की नको म्हणू, मला काही कळत नाही, आणि मला भीती वाटते!”

एवढं बोलून मी मटकन खाली बसले. रडू आलं की हो मला!

तेवढ्यात आबांचा आनंदानं फुललेला आवाज, “आला! आला! सेल चांगले आहेत रे राजदीप!”

आधी हसली वृषाली. हसता हसता रडायला लागली, आणि येऊन माझ्याजवळ खाली बसली. सातव्या महिन्यात खाली बसायचं म्हणजे केवढा खटाटोप! मी तिला उठवायला लागले, तर तिनं माझा हात धरून ठेवला.

“आई, तुम्ही शेजारच्यांच्या कुंडीबद्दलसुद्धा मत देता,” ती म्हणाली. “भाजीवाल्याला त्याच्याच भाजीबद्दल सांगता. आणि माझ्या बाळाबद्दल विचारलं, तर तोंड फिरवून रस्ता बघायला लागलात. मला वाटलं, तुमच्या मनाविरुद्ध आहे. मग वाटलं, मी घेतली आणि बाळाला काही झालं, तर सगळे म्हणतील, हिनंच घेतली. नाही घेतली आणि मला काही झालं, तरी म्हणतील, हिनंच नाही घेतली. मला घ्यावीशी वाटतेय. मी वाचलंय सगळं. पण एकटीनं ठरवायची भीती वाटते हो.”

तिला एवढी वाक्यं येतात, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. राजदीप तोंड उघडं टाकून बघत होता.

“मला वाटलं, निर्णय तुझा म्हणजे मी मधे बोलायचं नाही,” मी म्हटलं.

“निर्णय माझाच आहे. पण तुम्ही जवळ तर बसायचं ना!”

मी सारी नोकरी लाईन जोडून बाजूला होण्यात घालवली, हे तुम्हाला सांगितलंच. पण आधी लाईन जोडावी लागते, हे या वेळेस मी साफ विसरले होते.

“बरं,” मी डोळे पुसत म्हटलं. “कुणी काही म्हणालं तर दोघींचं नाव सांगू. तुझ्याआधी माझं.”

बाहेर ओट्यावरून आवाज आला, “आनि मनं काय? मी पोरले लेवाले ऊनी, आनि माले दारमाच थांबाडं!”

अरे देवा! विहीणबाई अजून एका पायावरच होत्या!

मग राजदीपनं पाकिटातला मास्क त्यांना दिला. माझी ओट्यालगतची गादी, माझं वेगळं ताट, माझा वेगळा तांब्या, सगळं जसंच्या तसं त्यांना मिळालं. वाफाऱ्याचं भांडं तर गरमच होतं. जमीला धावत आली. मी बोलतेय म्हटल्यावर तिनं उरलेला शोरबा ताईबाईंना दिला. ताईबाई आधी फुगून बसल्या. मग दोन घोट घेतल्यावर कबूल केलं, की अंगात परवापासून कसकस होती. “पोरनी काळजी लागी, मंग कोण बघस तापले?” म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं. त्यांच्या जागी मी असते, तर मी सुटकेसची वाटही बघितली नसती.

त्या मास्क लावून बाहेरून आत बघत होत्या, वृषाली आतून बाहेर बघत होती, आणि मधे मी. पलीकडचं अलीकडं सांगत होते. अगदी जुने दिवस आठवले मला!

“पोटमा बाळ, आनि वरथून सुई?” ताईबाईंचा हाच प्रश्न होता. “आमना टाईमले एकच सुई व्हती, धनुर्वातनी.”

“तीच शंका माझी,” मी म्हटलं. “उद्या विचारू.”

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. ताईबाई सोडून. त्यांना ताप होता, त्या जमीलाच्या ताब्यात होत्या. आत जाताना मी पदराचं टोक दातात धरलं आणि वृषालीच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. अगदी खुर्चीला खुर्ची लावून.

वृषालीनं एकेक करून विचारलं. या सुईनं फ्लू होतो का? बाळाला त्रास होतो का? ताप आला तर काय करायचं?

दिपमाला मॅडमनी प्रत्येकाचं नीट उत्तर दिलं. म्हणाल्या, यातला विषाणू जिवंत नसतो, त्यामुळं सुईनं फ्लू होत नाही. कितीतरी वर्षं गरोदर बायकांना देत आलेत. दंड दुखतो एखाद-दोन दिवस, कणकण वाटू शकते, त्यावर मी सांगेन ती गोळी घ्यायची. सुई घेऊनही कुणाला फ्लू होतो, पण जोर कमी असतो. “आणि एक सांगते,” मॅडम म्हणाल्या, “बाळ जन्माला आलं की पहिले सहा महिने त्याला ही सुई देता येत नाही. तेव्हा त्याला आईकडून मिळालेलंच संरक्षण असतं.”

वृषालीनं पोटावर हात ठेवला. माझ्याकडं बघितलं. मी पदर दातात धरूनच तिचा दुसरा हात धरला.

“घेते मी,” ती मॅडमना म्हणाली. स्पष्ट, मोठ्या आवाजात. विहारात मागच्या रांगेला ऐकू गेलं असतं.

नर्सनं सुई दिली. माझं एक वाक्यही पूर्ण झालं नसतं, एवढ्या वेळात संपलं! याच्यासाठी आम्ही गादी हलवली, शोरबा केला, विहीण दारात उभी केली!

मी सुटकेचा श्वास टाकला, पदर सोडला आणि आता मॅडमशी जरा मोकळेपणानं बोलावं म्हणून पुढं सरकले. तर मॅडम म्हणाल्या, “छान. आता घरातल्या बाकीच्यांनीही घ्यायला हवी. बाळाच्या आसपास राहणार ना तुम्ही सगळे? आई, आधी तुम्ही या. शुगर आहे का?”

मी तोंड उघडलं.

“आहे थोडी,” वृषाली म्हणाली. “गोळी चालू आहे. सकाळची घेतात, रात्रीची विसरतात.”

“कशाची ॲलर्जी?”

“औषधाची नाही. अंडंही चालतं. फक्त गप्प बसण्याचा त्रास होतो.”

“याआधी सुईची भीती, चक्कर वगैरे?”

“भीती आहे, पण सांगत नाहीत. काल पहिल्यांदा सांगितलं. आमच्या आई म्हणजे...”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. अगदी गोड हसल्या. “सुनबाई, सासूबाईंना जरा बोलू द्या की!”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. राजदीप, नर्स, वृषाली. आबांनी तर मशीन नीट बसवून माझ्या दिशेनं कान केला. आणि काय सांगू तुम्हाला, समोर ती सुई बघून माझ्या तोंडातून एक अक्षर फुटेना! मी मुकाट्यानं बाही वर केली.

“सेल गेले वाटतं,” आबा म्हणाले.

दंड दोन दिवस दुखला. पण मी त्याबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. म्हणजे, जमीलाला सांगितलं. ताईबाईंना सांगितलं, त्यांचा ताप उतरल्यावर. विहारात रविवारी वंदनेनंतर सांगितलं, तेही बायकांनी विचारलं म्हणून. रिक्षावाल्याला सांगितलं. आणि आता हे तुम्हाला!